रात्र पाहून घर घेणारा माणूस

सेवानिवृत्तांच्या आमच्या मासिक बैठकीत त्या मोजणीदारांचा विषय निघाला की मी उठून जातो, अशी माझ्याविषयी तक्रार आहे. तक्रार खरी आहे. खोटे ऐकत बसण्याइतके आयुष्य माझ्यापाशी आता उरलेले नाही. बैठकीतले एक माजी अव्वल कारकून सांगतात, की हे गृहस्थ रात्री गल्ल्यांतून हिंडत ते पिण्यासाठी आणि त्याहून वाईट कारणांसाठी. उलट त्यांच्या पुतण्याने त्यांच्या निधनानंतर जी छोटी पुस्तिका काढली, तीत छापले आहे की गोरगरिबांच्या सेवेसाठी त्यांनी मुद्दाम विडीकामगारांच्या वस्तीत बिऱ्हाड केले. अव्वल कारकुनांनी त्यांना रात्री कधी पाहिलेले नाही, आणि पुतण्या त्या वेळी सहा वर्षांचा होता. मी एकाच कचेरीत त्यांच्या वरच्या जागेवर होतो, त्यांचा शेजारी होतो, आणि त्यांचा मनापासून हेवा करीत होतो. हेवा करणारा माणूस जितक्या बारकाईने पाहतो तितके दुसरे कोणी पाहत नाही. म्हणून या बाबतीत माझी हकीकत प्रमाण धरावी.

ते पीत नसत. जेवणानंतर बिनतंबाखूचे एक पान, एवढेच त्यांचे व्यसन. सेवाही त्यांनी कोणाची केल्याचे मला आठवत नाही. एकदा शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्यायचे त्यांनी 'माझे अक्षर वाईट आहे' म्हणून टाळले होते, आणि अक्षर तर मोत्यासारखे होते. त्यांचा विक्षिप्तपणा एकाच गोष्टीपुरता होता. बदली होऊन नव्या गावी गेले, की राहायचे घर ते दिवसा पाहत नसत.

दुष्काळाच्या त्या वर्षांत, सत्तरच्या दशकाच्या आरंभी, ते नगरच्या भूमापन कचेरीत आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, अविवाहित, उंच, उन्हाने रापलेले, आणि बगलेत कायम एक घडीचे स्टूल. मोजणीच्या कामावर शेतात बसायला ते स्टूल सरकारने दिले होते. त्यावर गावात बसणारा मोजणीदार मी तोवर पाहिला नव्हता.

आमच्या कचेरीत बदलून येणाऱ्याला घर पाहून देण्याचे काम माझ्याकडे असे. ते मला कोणी नेमून दिले नव्हते, परंतु माझा जन्म नगरचा, आणि कोणत्या आळीत पाणी किती वाजता येते, कोणता घरमालक पाहुण्यांवरून कटकट करतो, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. साहेब बदलून आले तरी पहिली चौकशी माझी होई. तेव्हा पहिल्याच दिवशी मी या गृहस्थांना माझ्या यादीतील सर्वोत्तम जागा दाखवायला नेले. एका वकिलांच्या घरावरची माडी होती ती. स्वतंत्र जिना, दोन बाजूंनी उजेड, आणि अर्धे शहर टँकरमागे हंडे घेऊन धावत असताना अंगणात वकिलांचा स्वतःचा आड, तोही न आटलेला.

ते माडी चढलेच नाहीत. खाली उभे राहून त्यांनी वकिलांना विचारले, "रात्री इथे किती वाजेपर्यंत जाग असते?"

वकिलांना तो प्रश्न म्हणजे आळीची स्तुती करायची संधी वाटली. "जाग कसली? आठला जेवणे, साडेआठला दिवे बंद. नऊनंतर या आळीत कुत्रेसुद्धा भुंकत नाही."

"मग मी इथे राहून काय करू?"

"झोपा की."

"झोपायला सहा तास पुरतात," ते म्हणाले, आणि नमस्कार करून चालू लागले.

रस्त्यात मी त्यांना सुनावले. "अहो, शांत वस्तीत जागा मिळावी म्हणून लोक माझ्या घरी खेपा घालतात."

"घालत असतील, भाऊसाहेब. मी दिवसभर माळावर मोजणीची साखळी ओढतो. बांध इकडे सरकला तर हा शिव्या देतो, तिकडे सरकला तर तो. संध्याकाळी गावात परत यायचे, ते आढ्याकडे बघत पडायला? दिवसा गल्ली पोटामागे धावत असते. ती कशी आहे ते तिला फुरसत झाल्यावर दिसते."

हे त्यांचे कारण. यात ना व्यसन, ना सेवा. ज्याला दिवसा दोन्ही बाजूंचे लोक शत्रू समजतात, त्याला रात्री कुठेतरी निर्वेध बसायचे होते, आणि ती जागा ते इतर लोक मुलीसाठी स्थळ पाहतात तितक्या काळजीने पाहत.

पुढे नऊ रात्री ते एसटी स्टँडजवळच्या लॉजवर राहिले आणि शहर पाहत हिंडले. त्यांची रीत मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकली. रात्री नऊला एखाद्या चौकात जायचे, स्टूल उघडायचे आणि बसायचे. कोणी हटकले तर 'मोजणीदार आहे' म्हणायचे; ते खरेच होते. दुकानदार फळ्या लावताना पाहायचे. ज्या वस्तीत सगळ्या फळ्या लावून झाल्यावर दुकानदार शेवटची एक अर्धा तास तशीच उघडी ठेवतो आणि तिच्या फटीतून आतबाहेर बोलणे चालू राहते, ती वस्ती त्यांच्या मते पास. जिथे शेवटची फळी पहिलीइतक्याच वेगाने लागते, तिथून ते स्टूल उचलीत.

हे सारे ते ट्रेसिंगच्या कापडावर उतरवून घेत. शहराच्या नकाशावर कापड टाकून त्यांनी रस्ते गिरवले होते, आणि त्यांवर तीन शायांच्या खुणा होत्या. रात्री चहा मिळतो तिथे तांबडी, पानपट्टी उघडी असते तिथे निळी, आणि काहीही विकत न घेता बसता येते तिथे हिरवी. हिरव्या खुणेशेजारी बारीक अक्षरात वेळ. "तांबड्या-निळ्या कुठेही सापडतात," ते म्हणत. "गावाची किंमत हिरव्यावर."

दहाव्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "जागा ठरली, भाऊसाहेब. तोफखाना भागात. तुमच्याच गल्लीत, सायकलवाल्याच्या वर."

मला राग का आला, हे सांगण्यासाठी माझी स्थिती सांगितली पाहिजे. त्या गल्लीत मी आठ वर्षे भाड्याने राहत होतो, आणि ती मी कोणालाही, अगदी शिपायालासुद्धा, सुचवलेली नव्हती. एका बाजूला हातमागांचा खडखडाट, दुसऱ्या बाजूला ओट्यांवर विड्या वळणाऱ्या पद्मशाली बायका, नाकात अष्टौप्रहर तंबाखूचा वास. तिथून बाहेर पडण्यासाठी मी सावेडीला, त्या वेळच्या मोकळ्या माळावर, सोसायटीचा प्लॉट घेतला होता. भिंती छतापर्यंत आल्या होत्या. दोन वर्षांत सावकाश राहायला जायचे असे ठरवले होते. मला शांतता हवी होती. मी रात्री साडेआठला झोपत असे आणि पहाटे चारला उठत असे, आणि हे मी कोणालाही अभिमानाने सांगत असे. आम्हाला मूल नव्हते. घरात मी आणि माझी पत्नी, दोघेच. जी गल्ली सोडणे हे मी आयुष्यातील कर्तृत्व मानत होतो, तीच या माणसाने सबंध शहर पारखून निवडली.

पंधरा दिवसांत गल्ली त्यांना 'मामा' म्हणू लागली. मला ती आठ वर्षे 'क्लार्कसायेब' म्हणत होती. समोरच्या ओट्यावरची नरसव्वा, विडीवाल्या बायकांतली सर्वांत वडील, मला पाहिले की पदर सावरून गप्प होई. एकदा कचेरीतून येताना मी तिला ऐकले. मोजणीदार सायकल दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसले होते आणि ती सूप मांडीवर घेऊन त्यांना सांगत होती, "मामा, तुमी लगीन न्हाई केलं ते बरं केलं. तुमच्या बायकोला तुमचा पत्ता नकाशात हुडकाया लागला असता."

"हुडकला असता की. हिरवी शाई लावून ठेवली असती."

"लई झालं," ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मी दिसताच हसणे थांबले. माझ्यामुळे ते थांबले, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खुपले.

त्यानंतर कचेरीतील माझे कामही त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते मागितले नव्हते. परंतु नवे लोक ट्रेसिंग पाहायला त्यांच्याकडे जाऊ लागले. मला कोणी विचारीनासे झाले. एकदा एक तरुण इंजिनिअर, नुकतेच लग्न झालेले, बदलून आले. मी त्यांना स्टेशनरोडकडची एक स्वच्छ जागा सुचवत होतो, तोच ते म्हणाले, "बायको दिवसभर एकटीच असणार. रात्री तरी जरा बरं वाटेल अशी वस्ती पाहिजे. ते कापड पाहता येईल का?"

मोजणीदारांनी कापड माझ्याच टेबलावर पसरले. इंजिनिअर पाहू लागले, म्हणून मीही पाहिले. आमच्या गल्लीत हिरव्या खुणा पाच-सहा होत्या. त्यांतली सर्वांत मोठी, ठळक, दोनदा गिरवलेली खूण माझ्या घराच्या ओट्यावर होती. शेजारी लिहिले होते: ९ ते १०.४५.

"इथे चूक आहे," मी म्हणालो. "हे माझे घर आहे."

"हो."

"या वेळी माझ्या घरात सगळे झोपलेले असतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी विसरलेलो नाही. मला काही तरी ठाऊक नाही, हे त्यांना त्या क्षणी कळले, आणि ते मला ठाऊक आहे असे धरून ते पाच महिने माझ्याशी बोलत आले होते, हेही त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी खिशातून ब्लेड काढले आणि कापडावरची ती खूण हलक्या हाताने खरवडू लागले.

"असेल," ते म्हणाले. "एखाद्या घराची चूक होते."

हा मनुष्य मोजणीत कधी चुकला नव्हता. तहसीलदारांनी डोळे वटारले तरी, दोन पाटलांनी काठ्या उगारल्या तरी, मांडलेली रेघ त्याने कधी खोडली नव्हती. ती हिरवी शाई खरवडली जात असताना मला खात्री पटली, की खूण खरी आहे.

त्या रात्री मी साडेआठला पडलो आणि झोपलो नाही. नऊच्या सुमारास स्वयंपाकघरातील दिवा मालवला. पत्नी माझ्या खाटेपाशी क्षणभर थांबली, मग पुढचे दार हलकेच ओढून बाहेर गेली. ओट्यावर पाट सरकल्याचे आवाज झाले. विड्यांची सुपे खाली ठेवली गेली. नरसव्वा म्हणाली, "हां, वहिनी. काल सायेबाच्या बायकोचं अर्धंच ऱ्हायलं."

आणि मग मी दाराआडून आमच्या साहेबांच्या पत्नीला बोलताना ऐकले. त्या तिथे नव्हत्या. बोलत होती ती माझी पत्नी. तोच नाकातला सूर, शब्दाच्या मध्येच श्वास घेणे, 'आमच्याकडे नाही बाई असं' म्हणताना आवाज चढवणे. नंतर तिने भाजीवाल्याचा आवाज काढला, पोस्टमनचा काढला. बायका हसून लोळत होत्या. चौदा वर्षांच्या संसारात मी तिला बोलताना ऐकले होते. असे दुसऱ्याला बोलते करताना कधीच नाही. शेवटी एका पुरुषाचा आवाज लागला. सावकाश, भारदस्त, प्रत्येक शब्द जागेवर. "शांतता म्हणजे आरोग्य. मनुष्याने साडेआठला अंथरुणावर असावे." हा कोण, हे कळायला मला बराच वेळ लागला. बायकांना अजिबात लागला नाही.

हसणे ओसरले तेव्हा रस्त्यापलीकडून मोजणीदारांचा आवाज आला, "मग पुढे, वहिनी?"

त्या तीन शब्दांत गैर काही नव्हते. ते दहा हातांवर स्टूल टाकून बसले होते, भोवती सारी गल्ली होती, आणि तो माणूस वागण्याला अत्यंत नेटका होता. कोणी निराळे सुचवील तर त्याने माझ्यासमोर येऊन सुचवावे. परंतु पाच महिन्यांत त्यांना जे रोज मिळाले, ते मला चौदा वर्षांत एकदाही मिळाले नव्हते, आणि तेही दाराच्या फटीतून ऐकावे लागत होते. हेवा हा शब्द मी वर वापरला आहे. तो या रात्रीसाठी तोकडा पडतो.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला गाठले आणि दोन वर्षांचे काम तीन महिन्यांत उरकायला सांगितले. घरी येऊन पत्नीला म्हणालो, "पाडव्याला सावेडीला राहायला जायचे."

"बरं," ती म्हणाली. भाकरी उलटून झाल्यावर तिने विचारले, "शेजार कोण आहे तिथे?"

"एका बाजूला मोकळा प्लॉट. दुसऱ्या बाजूलाही मोकळा प्लॉट. कटकट नाही."

"म्हणजे कुणीच नाही," ती म्हणाली.

हे बोलणे मला टोचत राहिले. आपला निर्णय योग्य आहे असे कोणी तरी म्हणावे असे वाटू लागले, आणि त्या बाबतीत ज्याच्या शब्दाला किंमत होती असा गावात एकच माणूस होता. मी त्यांना आव्हानच दिले. "सावेडीला चला. तुमच्या पद्धतीने माझे घर मोजा."

ते आले. प्लास्टर व्हायचे होते. त्यांनी दारासमोर स्टूल उघडले, मी विटांच्या थप्पीवर बसलो. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मनमाड रस्त्यावरून एखादा ट्रक जाई. लांबवर राखणदाराची काठी वाजे, मग तीही थांबे. दहा वाजले.

"सांगा," मी म्हणालो.

"घर चांगले बांधले आहे. हवा उत्तम."

"ते मला ठाऊक आहे. तुमच्या शाईचे सांगा."

त्यांनी सरळच विचारले. "भाऊसाहेब, इथे रात्री वहिनी कोणाशी बोलणार?"

"माझ्याशी."

"साडेआठनंतर?"

"मी जागेन."

ते उठले, स्टूल मिटले. "मग माझे काही म्हणणे नाही."

पाडव्याला आम्ही राहायला गेलो. मी शब्दाचा पक्का आहे. रोज साडेदहापर्यंत जागू लागलो. आम्ही दोघे पायरीवर बसत असू. पहिल्या रात्री मी तिला कचेरीतील हकीकत सांगितली, दुसऱ्या रात्री तीच थोडी विस्ताराने. ती ऐकून घेई. आठवड्याने मी धीर करून म्हणालो, "साहेबांच्या बाईंचे बोलणे करून दाखव ना."

ती चपापली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच ऐकले. दाराआडून. एकदा."

"मग दार उघडून बाहेर का नाही आलात?"

मी पायरीवरची माती झटकू लागलो.

"एकट्यासमोर नाही होत ते," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. जमत नाही ते जमत नाही, इतक्या साधेपणाने ती म्हणाली. "आणि तुमच्यासमोर तुमचं कसं करू?"

पुढच्या शनिवारी मी टांगा सांगितला आणि तिला तोफखान्यात घेऊन गेलो. त्यानंतर दर शनिवारी नेत राहिलो. तिला नरसव्वाच्या ओट्यापाशी उतरवायचे आणि मी तिथे थांबायचे नाही, असा क्रम मी स्वतः ठरवला. दिल्ली दरवाज्यापर्यंत जायचे, तिथून वळसा घालून चितळे रस्त्याने परत यायचे, साडेदहाला गल्लीच्या तोंडाशी पोहोचायचे. यावरूनही बैठकीत एक कथा सांगितली जाते. मी म्हणे दर शनिवारी अंधारात घिरट्या घालून पत्नीवर आणि मोजणीदारांवर पाळत ठेवीत असे. पाळत ठेवणारा माणूस गल्लीकडे पाठ करून एक मैल चालत जात नाही, एवढे तरी या लोकांच्या लक्षात यावे. मी गेलो नसतो तर तिला माझा आवाज लावता आला नसता. म्हणून मी जात होतो. मन मात्र मागे त्या ओट्यावरच असे, आणि त्या दीड तासात एक पाऊलही मी हेव्याशिवाय टाकलेले नाही. हे मी मान्य करतो, कारण ते खरे आहे.

मी कोपऱ्यावर दिसलो की हसणे थांबे. पत्नी उठून चपला घाली. टांग्यात ती काही सांगत नसे आणि मी विचारीत नसे. मोजणीदारांना मात्र, त्यांच्या बदलीचा हुकूम येण्यापूर्वी काही महिने, मी कचेरीत एकदा विचारले. दप्तर चाळत असल्यासारखे करून विचारले.

"शनिवारी चालते तरी काय तिथे?"

"तुमचेच चालते, भाऊसाहेब," ते म्हणाले. "वहिनींनी आवाज अगदी नेमका पकडला आहे. चालही येत चालली आहे. पण दहापर्यंत बाकीच्यांचे होते, तुमचे आता कुठे रंगात येते, आणि तेवढ्यात तुम्ही कोपऱ्यावर दिसता."

पुढच्या शनिवारपासून मी अकराला परतू लागलो.